परदेशात नर्सिंग शिकायचंय? आधी नोंदणी बघा, मग कॉलेज

परदेशी नर्सिंग शिक्षणाची माहितीपत्रकं वाचायला घेतली की दोन अभ्यासक्रमांची नावं अगदी जुळी वाटतात. एकीकडे 'एमएससी नर्सिंग', दुसरीकडेही 'एमएससी नर्सिंग'. दोन्ही मान्यताप्राप्त विद्यापीठांत, फीही साधारण सारखी. पण एक संपवून बाहेर पडणारी मुलगी वॉर्डात रुग्णाला औषध देऊ शकते, आणि दुसरी, आधीपासून नर्स नसेल तर, हातात पदवी असूनही त्या देशात स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत नाही. पहिला अभ्यासक्रम नर्स घडवण्यासाठी आहे, दुसरा आधीच नर्स असलेल्यांना पुढचं शिकवण्यासाठी. माहितीपत्रकात हा फरक बहुतेक वेळा प्रवेशाच्या अटींमधल्या एका ओळीत असतो. ती ओळ न वाचल्याने लोकांची दोन-दोन वर्षं आणि घरच्यांची आयुष्यभराची बचत गेलेली आहे. म्हणूनच हा विषय सावकाश उलगडून सांगावासा वाटतो.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. नर्सिंगमध्ये पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. परवाना किंवा नोंदणी देते त्या देशाची, काही ठिकाणी त्या राज्याची किंवा प्रांताची, नियामक संस्था. ब्रिटनमध्ये ती नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. ऑस्ट्रेलियात नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्ड, ज्याचं कामकाज 'आप्रा' ही संस्था बघते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं बोर्ड ऑफ नर्सिंग. कॅनडात प्रत्येक प्रांताची वेगळी संस्था. म्हणून 'कुठलं कॉलेज चांगलं?' हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न असा: मला कुठल्या नोंदवहीत नाव लावायचंय? त्याचं उत्तर मिळालं की तिथून मागे मागे यायचं. त्या नोंदवहीला कुठले अभ्यासक्रम चालतात, त्यातले कुठले परदेशी विद्यार्थ्यांना घेतात, आणि त्यातले कुठले आपल्याला झेपतात.

मागणी आहे, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स आहेत, आणि दर सात नर्समागे एक जण काम करते त्या देशात जन्मलेली नाही. पण 'जगात नर्सचा तुटवडा आहे' या वाक्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. तुटवडा असतो अनुभवी नर्सचा, ठरावीक विभागांत, ठरावीक भागांत. नव्याने पास झालेल्यांना पहिली नोकरी मिळणं हा निराळाच प्रश्न. इंग्लंडमध्ये तर ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारला नव्या पदवीधर नर्स आणि मिडवाइफना नोकरीची हमी देणारी योजना जाहीर करावी लागली. ती वेळ का आली असेल, याचा विचार करा.

नावांचा गुंता

'नर्स' हा शब्द सगळीकडे एकाच पायरीसाठी वापरत नाहीत. सर्वात वर रजिस्टर्ड नर्स. तिच्याखालच्या पायरीला अमेरिकेत आणि कॅनडात प्रॅक्टिकल नर्स म्हणतात, ऑस्ट्रेलियात एन्रोल्ड नर्स. त्याखाली मदतनीस: नर्सिंग असिस्टंट, केअर असिस्टंट, हेल्थकेअर सपोर्ट वर्कर. अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाची केंद्रीय किमान मर्यादा फक्त ७५ तासांची आहे. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलून देणं, जेवू घालणं ही कामं मोलाचीच आहेत, पण ७५ तासांचा कोर्स करून कुणी नर्स होत नाही. त्या कोर्सला 'परदेशात नर्सिंगची सुरुवात' असं गोंडस नाव देऊन जो विकतो, त्याच्यापासून लांब राहा.

रजिस्टर्ड नर्स होण्याच्या वाटाही एकाहून जास्त आहेत. अमेरिकेत साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि चार वर्षांची बॅचलर पदवी, दोन्हींनंतर परीक्षा एकच: एनक्लेक्स-आरएन. परवानाही तोच मिळतो. मग चार वर्षं का घालवायची? कारण मोठी रुग्णालयं बॅचलर मागतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला, की नव्या रजिस्टर्ड नर्सने दहा वर्षांच्या आत बॅचलर पदवी मिळवावी. शिवाय उद्या देश बदलायचा झाला तर असोसिएट पदवी अडते. ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड नर्सची पातळी बॅचलरपासून सुरू होते.

ज्यांच्याकडे आधीच दुसऱ्या विषयाची पदवी आहे, त्यांच्यासाठी छोटी वाट आहे, आणि ती अनेकांना माहीतच नसते. अमेरिकेत बारा ते अठरा महिन्यांचा त्वरित बॅचलर अभ्यासक्रम असतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये सुमारे दोन वर्षांचा, पदवीधरांना थेट प्रवेश देणारा मास्टर्स असतो. अभ्यास दमछाक करणारा, सुट्टी जवळपास नाहीच, पण एक-दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च वाचतो. मात्र नाव बघून फसू नका. ब्रिटनमध्ये 'प्री-रजिस्ट्रेशन' हे शब्द शोधा, ऑस्ट्रेलियात 'ग्रॅज्युएट एन्ट्री'. अमेरिकेत 'आरएन टू बीएसएन' लिहिलेलं दिसलं तर तो आधीच परवाना असलेल्यांसाठी आहे, हे ओळखा.

देशागणिक वेगळा हिशेब

अमेरिकेची वाट लांबून सरळ दिसते, जवळ गेल्यावर वळणं लागतात. कागदोपत्री गोष्ट सोपी आहे: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी, मग एनक्लेक्स, मग नोकरी. ही परीक्षा संगणकावर होते आणि उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलतो. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप आलं. त्यात एका रुग्णाची कहाणी देऊन तुम्ही काय टिपलं, काय आधी कराल, हे तपासतात. घोकंपट्टीवर ती निघत नाही.

खरी अडचण परीक्षेनंतर येते. एफ-१ वर शिकलेल्याला शिक्षण संपल्यावर 'ओपीटी' म्हणून साधारण बारा महिने काम करता येतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना मिळते तशी चोवीस महिन्यांची वाढ नर्सिंगच्या नेहमीच्या पदवीवर मिळत नाही. या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो. आणि परवाना हातात आल्याशिवाय रुग्णालय कामावर घेत नाही. त्यात काही राज्यांची बोर्डं सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवाय परवाना देत नाहीत, आणि तो क्रमांक काम करण्याची परवानगी असल्याशिवाय मिळत नाही. परवान्यासाठी क्रमांक, क्रमांकासाठी काम, कामासाठी परवाना, असं हे चक्र आहे. ते तोडायची एक साधी युक्ती आहे. शिकत असताना कॅम्पसवर, ग्रंथालयात किंवा कार्यालयात, छोटी नोकरी धरा. त्या नोकरीच्या आधारावर क्रमांक आधीच मिळून जातो. आणि प्रवेश घेण्याआधीच त्या राज्याच्या बोर्डाचा नियम वाचा.

ओपीटीनंतर काय, याचाही विचार प्रवेशाआधीच करायला हवा. एच-१बी व्हिसा अशा पदांसाठी असतो जिथे त्या विषयाची बॅचलर पदवी ही किमान अट असते. असोसिएट पदवीवरही नर्स होता येतं, त्यामुळे वॉर्डातल्या साध्या पदाला तो सहसा लागू होत नाही. नर्सची नेहमीची वाट म्हणजे रुग्णालयाने थेट ग्रीन कार्डसाठी अर्ज करणं. नर्सिंग हे 'शेड्युल ए' यादीत आहे, म्हणजे स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण रांग असतेच, आणि ती तुमच्या जन्मदेशाप्रमाणे कमी-जास्त असते. काहींना त्यात वर्षं जातात. अमेरिकेतच शिकलेल्या परदेशी नर्सलाही या टप्प्यावर 'व्हिसास्क्रीन' (शिक्षण आणि परवाना तपासून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं, हेही पुष्कळांना उशिरा कळतं.

अमेरिकेतल्या एका प्रकरणाची आठवण ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या न्याय खात्याने फ्लोरिडातल्या तीन शाळांमधून ७,६०० हून जास्त बनावट नर्सिंग डिप्लोमे विकले गेल्याचं उघड केलं. पैसे द्या, वर्गात न बसता कागद घ्या, परीक्षेला बसा, असा तो धंदा होता. त्यानंतर अनेकांचे परवाने रद्द झाले. म्हणून शाळेला राज्य बोर्डाची मान्यता आहे का, आणि 'एसेन' किंवा 'सीसीएनई' यांपैकी कुणाचं मानांकन आहे का, हे स्वतः त्या संस्थांच्या यादीत जाऊन बघा. शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. राज्यांची बोर्डं प्रत्येक शाळेचा एनक्लेक्सचा निकालही जाहीर करतात. तो आकडा चकचकीत इमारतीच्या फोटोपेक्षा जास्त बोलतो.

ब्रिटनमध्ये गोष्टी सुटसुटीत आहेत, पण एक निर्णय अर्ज भरतानाच घ्यावा लागतो. तिथे नर्सिंगच्या चार शाखा आहेत: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसेबिलिटी (बौद्धिक अक्षमता असलेल्यांची सेवा). तीन वर्षं तुम्ही त्या शाखेच्या चष्म्यातून शिकता आणि नोंदवहीतही नाव त्याच शाखेत लागतं. ब्रिटनमध्येच राहायचं असेल तर हे छानच, मानसिक आरोग्य शाखेत जागाही लवकर मिळू शकते. पण पुढे अमेरिकेला जायचा विचार मनात असेल तर थांबा. तिथे प्रौढ, बाल, प्रसूती आणि मानसोपचार अशा सगळ्या विभागांतलं शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचे तास दाखवावे लागतात. ब्रिटनमधून एकाच शाखेत शिकून गेलेल्यांचे नेमके इथेच तास कमी भरतात, आणि मग तुटलेले तास भरून काढायला पुन्हा अभ्यासक्रम शोधावा लागतो. मला वाटतं, देश बदलण्याची शक्यता ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि त्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात शिकलेल्याला शेवटी एनक्लेक्ससारखी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागत नाही. हे ऐकून हायसं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की परीक्षा रोज वॉर्डात चालू असते. प्रत्येक प्लेसमेंटला, म्हणजे अभ्यासक्रमातल्या वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, तुमच्यावर देखरेख करणारी नर्स सही करते, तेव्हाच पुढे जाता येतं. ब्रिटनमध्ये औषधांच्या मात्रेच्या गणितात शेवटी १०० टक्केच गुण लागतात. ९८ टक्के म्हणजे नापास. रुग्णाच्या बाजूने विचार केला तर हे योग्यच आहे.

ऑस्ट्रेलियात बॅचलर तीन वर्षांचं, त्यात किमान ८०० तास प्लेसमेंट. न्यूझीलंडमध्येही तीन वर्षं, पण शेवटी राज्य परीक्षा असते. दोन्ही देशांत परस्पर मान्यतेचा करार आहे, त्यामुळे एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात सहज चालते. ज्यांना एकाच शिक्षणावर दोन देशांची दारं उघडी ठेवायची आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावं.

कॅनडाबद्दल थोडक्यात. क्यूबेक सोडलं तर रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी बॅचलर लागतं आणि परीक्षा एनक्लेक्स-आरएनच. पण अनेक सरकारी विद्यापीठांतल्या नर्सिंगच्या जागा फक्त देशातल्या विद्यार्थ्यांना मिळतात. मग परदेशी मुलांच्या गळ्यात एक-दोन वर्षांची 'पोस्ट ग्रॅज्युएट' प्रमाणपत्रं मारली जातात. त्यांच्या नावात नर्सिंग असतं, वृद्धसेवा असते, नेतृत्व असतं. परवाना मात्र त्यांच्या जोरावर मिळत नाही.

जर्मनीची वाट या सगळ्यांहून वेगळी आहे, आणि पैशाची ओढाताण असलेल्यांनी ती जरूर बघावी. तिथे नर्सिंग मुख्यतः विद्यापीठात नाही, तर 'आउसबिल्डुंग' या तीन वर्षांच्या प्रशिक्षणातून शिकवतात. तुम्ही रुग्णालयाशी करार करता. फी भरण्याऐवजी दरमहा मानधन मिळतं. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारात पहिल्याच वर्षी ते करकपातीआधी १,३०० युरोंहून जास्त असतं. २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामात जातात. २०२० पासून प्रौढ, बाल आणि वृद्ध रुग्णसेवेचं शिक्षण एकत्र केलं गेलं, त्यामुळे या पात्रतेला युरोपियन संघातल्या इतर देशांतही मान्यता मिळते.

किंमत मोजावी लागते ती भाषेची. युरोपातल्या भाषेच्या मोजपट्टीवर किमान बी-१ (मधली पातळी), पुष्कळ शाळांमध्ये त्यावरची बी-२ पातळीची जर्मन यायला हवी. हे केवळ प्रमाणपत्रापुरतं नाही. रात्री दोन वाजता ऐंशी वर्षांचे आजोबा आपल्या गावच्या बोलीत छातीत कसंतरी होतंय सांगतात, ते कळावं लागतं. शिफ्ट बदलताना दहा मिनिटांत बारा रुग्णांची माहिती ऐकून टिपून घ्यावी लागते. शेवटची सरकारी परीक्षा लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष, तिन्ही जर्मनमध्ये. ज्यांना नवी भाषा शिकायचा आनंद वाटतो त्यांना ही वाट मानवते. ज्यांना भाषा म्हणजे फक्त व्हिसाचा अडथळा वाटतो, त्यांची पहिल्या वर्षातच घुसमट होते.

वेळ, शरीर आणि पैसा

ब्रिटनमध्ये पदवीसाठी ४,६०० तास भरावे लागतात, निम्मे वर्गात, निम्मे रुग्णांजवळ. त्या २,३०० तासांपैकी जास्तीत जास्त ६०० तास पुतळ्यांवरच्या किंवा संगणकावरच्या सरावाचे चालतात, बाकी खऱ्या वॉर्डात. त्यामुळे 'पूर्ण ऑनलाइन नर्सिंग पदवी, परवान्यासह' अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

तासांचा हा आकडा पैशाच्या हिशेबातही शिरतो, हे लोक विसरतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. इतर विषयांची मुलं लांबलचक सुट्टीत पूर्णवेळ काम करून खर्च भागवतात. नर्सिंगचं वर्ष मात्र प्लेसमेंटने भरलेलं असतं. सलग बारा-बारा तासांच्या ड्युट्या, त्यात रात्रपाळी, आणि जर्मनीसारखे अपवाद वगळता त्याचे पैसे नाहीत. प्लेसमेंट घरापासून दीड तासावर असू शकते, म्हणजे प्रवासखर्च वेगळा. जोडीला गणवेश, पोलिस पडताळणी, हिपॅटायटिस बी आणि गोवर-गालगुंडाच्या लसींचे पुरावे, क्षयाची तपासणी. हे कागद वेळेवर नसले तर प्लेसमेंट हुकते आणि सत्र लांबतं. 'पार्ट टाइम काम करून फी भरीन' हा हिशेब नर्सिंगमध्ये जमत नाही. तो धरून निघालेली मुलं झोप कमी करतात, आणि झोप न झालेल्या माणसाच्या हातात सुई देणं धोक्याचं असतं. निदान फी आणि राहण्याचा खर्च कामाविना भागेल अशी सोय असेल तरच निघा.

इंग्रजीचाही एक छुपा उंबरठा आहे. विद्यापीठ प्रवेशाला आयईएलटीएसमध्ये ६.५ वर समाधान मानेल, पण नोंदणी करणारी संस्था जास्त मागू शकते. ब्रिटनच्या कौन्सिलची अट ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ७, लिखाणात ६.५ अशी आहे, आणि ऑस्ट्रेलियानेही मार्च २०२५ पासून लिखाणाची अट ६.५ केली. तिथेच शिकल्यावर सूट मिळते का, किती वर्षांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं हवं, हे आधीच तपासून ठेवा. तीन वर्षांनी, पदवी हातात असताना, एका अर्ध्या गुणासाठी अडकणं फार जिवावर येतं.

आणि जर तुम्ही आधीच नर्स असाल

तर विद्यार्थी म्हणून जाण्याआधी शांतपणे विचार करा. कदाचित तुम्हाला पुन्हा पदवी करायची गरजच नाही. ब्रिटनमध्ये परदेशी नर्सना संगणकावरची एक परीक्षा आणि 'ऑस्की' ही प्रात्यक्षिक परीक्षा देऊन नोंदणी मिळते. ऑस्ट्रेलियात एनक्लेक्स आणि ऑस्कीची वाट आहे. जर्मनीत शिक्षणातला फरक भरून काढायला ज्ञानपरीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण असतं. अमेरिकेत कागदपत्रांची तपासणी आणि एनक्लेक्स. यातल्या बऱ्याच वाटांवर रुग्णालय स्वतः खर्च उचलतं. एजंटला मात्र कमिशन मिळतं ते कॉलेजच्या प्रवेशावर, म्हणून तो तुम्हाला मास्टर्स सुचवतो. त्याचा सल्ला नेमका कुणाच्या फायद्याचा आहे, हे विचारायला संकोच करू नका.

कॉलेज निवडून झालं, अर्ज भरायची वेळ आली, की पैसे पाठवण्याआधी एक ईमेल लिहा. कॉलेजला नाही, त्या देशाच्या किंवा राज्याच्या नियामक संस्थेला. अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, कॅम्पस आणि सुरू होण्याचं वर्ष लिहा. विचारा: हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मी, आधी कुठेही नर्स म्हणून नोंदणी नसलेली परदेशी विद्यार्थिनी, रजिस्टर्ड नर्स म्हणून अर्ज करायला पात्र ठरेन का? त्याशिवाय आणखी काय लागेल? उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतील. ते येईपर्यंत कुणी कितीही घाई केली, 'शेवटच्या दोन जागा उरल्यात' म्हणून कितीही फोन केले, तरी फी भरू नका. आणि आलेलं उत्तर छापून पासपोर्टसोबत ठेवा.